परांग ला: बारा दिवसांत का नाही, आणि जायचंच तर कसं

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातले सहा जण, वयं ३४ ते ५३. सह्याद्रीत वीस वर्षांची भटकंती, अलंग-मदन-कुलंग दोनदा, हिमालयात हम्पता आणि केदारकंठ. येत्या ऑगस्टमध्ये स्पीतीतल्या किब्बरहून निघून परांग ला ओलांडायची आणि लडाखमधल्या त्सो मोरीरीला उतरायचं. कुठल्या कंपनीबरोबर नाही, गावातले घोडेवाले घेऊन आपलं आपण. रजा बारा दिवस. दिवसवार तक्ता जोडलाय आणि शेवटी विचारलंय, ‘यात काही राहिलंय का?’

राहिलंय. निदान सात दिवस राहिलेत.

मी या वाटेला चारदा लागले. तीनदा पलीकडे, त्सो मोरीरीकाठच्या करझोक गावाला पोचले, एकदा खिंडीच्या पायथ्यावरून माघारी आले. त्या माघारीबद्दल पुढे सांगते, कारण तुमचा सगळा बेत मी तिथूनच उलटा तपासणार आहे.

आधी वाट डोळ्यांसमोर आणा. ‘ला’ म्हणजे खिंड, ‘छू’ म्हणजे पाणी किंवा नदी, ‘त्सो’ म्हणजे तळं, ‘सुमदो’ म्हणजे संगम. एवढे चार शब्द आले की तिथला नकाशा निम्मा वाचता येतो. (‘परांग ला खिंड’ म्हणणं म्हणजे ‘सिंहगड किल्ला’ म्हणण्यातला प्रकार. पण विभक्ती लावायची तर ‘परांग लाला’ होतं, म्हणून मी आपली नुसती ‘खिंड’ म्हणते.) किब्बर साधारण ४,२५० मीटरवर. पहिला मुक्काम दुमलाच्या कुरणावर, दुसरा थलटकला. या दोघांच्या मधे एक खोल घळ आहे, ती तळापर्यंत उतरून पलीकडे पुन्हा चढायची. तिसरा मुक्काम बोरोचेन, म्हणजे खिंडीचा पायथा, ५,१०० मीटरच्या आसपास. चौथ्या दिवशी सुमारे ५,५८० मीटरची खिंड आणि पलीकडे हिमनदीवरून उतार. ती हिमनदी संपते तिथे पारे छू सुरू होते आणि पुढचे दिवस तिच्याच काठाने: खारसा गोंगमा, दातांग योंगमा, नोर्बू सुमदो. नोर्बू सुमदोला नदी ओलांडायची. ती तिबेटच्या दिशेला वळते आणि आपण उत्तरेला. तळ्याच्या दक्षिण टोकाला कियांगदोम, तिथून पश्चिम काठाने करझोक. सगळं मिळून शंभर-सव्वाशे किलोमीटर.

आता उंचीचे आकडे पुन्हा बघा, पण उलट्या बाजूने. खारसा गोंगमा अजून पाच हजारांच्या आसपासच आहे. दोन दिवस चाललात तरी तुम्ही साडेचार हजारांच्या वरच. त्सो मोरीरीचं पाणीच ४,५०० मीटरच्या वर आहे. उंचीचा त्रास झाला तर काय करायचं, या प्रश्नाला हिमालयात एकच खात्रीचं उत्तर असतं: खाली उतरा. परांग लाच्या पलीकडे उतरायला ‘खाली’च नाही. दरी पसरट आहे, नदी आरामात वाहते, फोटो सुंदर येतात आणि अल्टिमीटरचा काटा हलत नाही. हम्पत्याला खिंड ओलांडली की दुसऱ्या दिवशी छत्रूला गाडीरस्ता लागतो. इथे चार दिवस गाव नाही, रस्ता नाही, फोन नाही. कियांगदोमच्या बाजूला उन्हाळ्यात चांगपा मेंढपाळांचे तंबू दिसतात, पण ते यंदा कुठे असतील ते त्यांच्या मेंढ्या ठरवतात, त्यांच्या भरवशावर बेत करायचा नसतो.

म्हणून या ट्रेकचा कठीण दिवस खिंडीचा नाही. कठीण आहे ती बोरोचेनची संध्याकाळ. ‘सहाही जण पलीकडे जायच्या लायक आहेत का?’ याचं खरं उत्तर तिथे द्यावं लागतं. ते खरं देता यावं म्हणून आधीचे दिवस असतात आणि ‘नाही’ म्हणणं परवडावं म्हणून राखीव दिवस असतात.

तुमच्या तक्त्यात तिसऱ्या दिवशी काझा, चौथ्या दिवशी किब्बरहून चालायला सुरुवात, सातव्या दिवशी खिंड. मनालीत तुम्ही दोन हजारांवर झोपता, दुसऱ्या दिवशी ४,५५१ मीटरचा कुंझुम ओलांडून ३,६५० च्या काझात आणि त्यानंतरच्या रात्री थेट दुमलाला, ४,४०० च्या आसपास. अटल बोगदा झाल्यापासून हा रस्ता सोपा झालाय, तीच अडचण आहे. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची उंची दिवसाला पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं, हा डॉक्टरांचा साधा नियम आहे. तीन हजारांपासून बोरोचेनपर्यंत त्याप्रमाणे मोजलंत तर सहा-सात रात्री होतात. तुम्ही चार धरल्यात. साडेपाच हजारांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो आणि त्याला सरावायला शरीर त्याचा वेळ घेतं. आपली रजा किती आहे हे ते विचारत नाही.

मी असं करीन. चंडीगढला विमानाने आणि त्याच दिवशी नारकंडा. दुसऱ्या दिवशी कल्पा, २,९६० मीटर. तिसऱ्या दिवशी नाकोवरून ताबो. हा किन्नौरचा रस्ता लांब आहे, खडखडाटी आहे, दरडींचा आहे, पण चढतो हळूहळू आणि तुमच्या नकळत सराव करून देतो. वाटेत जिथे किन्नौर संपून स्पीती सुरू होतं तिथे सुमदो नावाचं ठाणं लागेल. तिथे उजव्या हाताने येऊन मिळणारी नदी म्हणजे हीच आपली पारे छू. भारतात जन्मून तिबेटात गेलेली, तिथून परत आलेली. २००४ साली तिबेटात दरड कोसळून तिचं पाणी अडलं, मोठं तळं साचलं, आणि जून २००५ मध्ये ते फुटून सतलजच्या खोऱ्यात पूर आला. नऊ दिवसांनी तुम्ही तिच्या उगमाशी असाल, म्हणून दोन मिनिटं गाडी थांबवून पाणी बघा. ताबोचा गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, इसवी सन ९९६ चा आहे. तो बघायलाही वेळ मिळतो, तो मनालीवाल्यांना मिळत नाही.

चौथ्या दिवशी काझा. पाचव्या दिवशी लांगझा-कोमिकला गाडीने वर जाऊन, तिथे दोन-तीन तास चालून, झोपायला परत काझा. सहाव्या दिवशी किब्बर. काझाहून किब्बर ही सहाशे मीटरची उडी आहे, म्हणून तिथे दोन रात्री. आठव्या दिवशी दुमला, नवव्या दिवशी थलटक, दहाव्या दिवशी बोरोचेन, अकरावा दिवस बोरोचेनलाच, बाराव्या दिवशी खिंड. सोळाव्या दिवशी करझोक, एक दिवस राखीव, अठराव्या दिवशी लेह, एकोणिसाव्या दिवशी घरी. अकरावा दिवस कापायचा मोह सगळ्यांनाच होतो, आम्हालाही झाला होता.

ती गोष्ट आता सांगते. आम्ही पाच जण होतो. त्यातला एक चाळिशीचा, नाशिकचा, अर्धमॅरेथॉन पळणारा, आमच्यात सगळ्यात तयारीचा. थलटकपासून त्याचं डोकं दुखत होतं आणि तो ‘ऊन लागलं असेल’ म्हणत होता. बोरोचेनला संध्याकाळी सूप आलं, त्याने अर्धं ठेवलं. त्याचंही कोणाला काही वाटलं नाही, तिथे सगळ्यांचीच भूक मेलेली असते. मग तो बुटाची नाडी बांधायला बसला. मी समोर चहाचा मग धरून बसले होते. त्याने नाडीचं एक टोक हातात घेतलं आणि बघत राहिला. मग दुसरं घेतलं. मग पहिलं सोडलं. माझा चहा संपला तरी नाडी तशीच होती. मी त्याला म्हटलं, जरा उठ आणि या दगडापासून त्या दगडापर्यंत टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चाल बघू. तिसऱ्या पावलाला तो बाजूला कलंडला, हसला आणि म्हणाला, ‘अरे, इथे जमीनच वाकडी आहे.’

जमीन सपाट होती. मेंदूला सूज यायला लागल्याची ही खूण असते, तोल जातो आणि माणसाला ते पटत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली डेक्सामेथासोनची गोळी दिली, बाटलीतला ऑक्सिजन लावला, त्याला घोड्यावर बसवलं आणि रात्री साडेआठला हेडलॅम्पच्या उजेडात थलटककडे निघालो. तो वाटेत दोनदा विचारत होता, आपण खिंड ओलांडली का. थलटकला पोचायला दोन वाजले. पहाटे त्याने स्वतः चहा मागितला तेव्हा आमच्या जिवात जीव आला. पण किब्बर गाठायला अजून ती घळ उतरून चढायची होती, आणि तो पूर्ण दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. हीच गोष्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, खारसा गोंगमाला घडली असती तर? मागे ५,५८० मीटर, पुढे तीन-चार दिवस. मी त्याचा विचार फार करत नाही.

त्याने डोकेदुखी लपवली हा त्याचा दोष म्हणणं सोपं आहे. खरा दोष बेताचा होता. आमच्याकडे राखीव दिवस नव्हता, लेहहून परतीचं विमान ठरलेलं होतं, आणि ‘डोकं दुखतंय’ म्हणणं म्हणजे चौघांचा ट्रेक बुडवणं हे त्याला ठाऊक होतं. बेत असा असला की भली माणसं खोटं बोलतात. तुमच्यात अकरावा दिवस असला की तेच वाक्य ‘उद्या इथेच थांबू’ इतकं स्वस्त होतं.

सिंहगड पस्तीस मिनिटांत चढणाऱ्याला विरळ हवा कमी लागते असं काही नाही, उलट तो जोरात चढून स्वतःला लवकर अडचणीत आणतो. व्यायाम हवाच, पण सलग दोन-तीन दिवस, आठ-दहा किलो पाठीवर घेऊन, सहा-सात तास, न धापता. एका दिवसात कळसूबाई दोनदा केल्यापेक्षा शनिवार-रविवार-सोमवार हरिश्चंद्रगड, रतनगड, आणि तिसऱ्या दिवशी नुसतंच चालणं जास्त कामाचं.

ऑक्सिमीटर न्या, पण थंड बोटांवर तो वाट्टेल ते आकडे दाखवतो. आकड्यापेक्षा माणूस बघा: जेवतोय का, बडबडतोय का, तंबूतून स्वतःहून बाहेर येतोय का. डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, प्रतिबंधासाठी बहुधा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, पण ती तुमच्या डॉक्टरांनी ठरवायची. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा, आणि ट्रेकच्या दोन आठवडे आधी घरी एक-दोन दिवस घेऊन बघा. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. पहिल्यांदा हा अनुभव काझात नको. डायमॉक्स घेतली म्हणून दिवस कमी करता येत नाहीत. तुमच्यातल्या ५३ वर्षांच्या सदस्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे असं लिहिलंय. दाब आटोक्यात असेल तर तेवढ्यावरून कोणी अडवणार नाही, पण हृदयाची तपासणी आणि ‘ही गोळी आणि डायमॉक्स एकत्र चालेल का’ हा प्रश्न जूनच्या आत विचारून मोकळे व्हा. छातीत घरघर, बसल्या जागी दम आणि खोकल्यातून फेस दिसला तर ते फुप्फुसात पाणी. त्याला झोप, सूप आणि ‘सकाळी बघू’ चालत नाही, त्याच क्षणी उतरायचं. निफेडिपिन आणि ऑक्सिजन सोबत ठेवा, पण ती औषधं उतरण्यासाठी वेळ विकत घेतात, एवढंच.

खिंडीच्या दिवशी पहाटे चारला निघा. किब्बरच्या बाजूचा चढ घसाऱ्याचा आहे, दोन पावलं वर एक पाऊल खाली. वर प्रार्थनेच्या पताका आहेत, फोटो काढा आणि निघा, कारण पलीकडची हिमनदी सकाळी कडक असते आणि दुपारी तिचा लगदा होतो. उतार सौम्य आहे म्हणून लोक तिच्यावर मैदानासारखे पसरून चालतात. तिला भेगा आहेत. ऑगस्टच्या शेवटाला त्या उघड्या दिसतात, जुलैत बर्फाखाली झाकलेल्या असतात, आणि झाकलेलीच भेग माणूस गिळते. घोडेवाल्याच्या मागे, घोड्यांच्या मागावरून, एका रांगेत चाला. तीस मीटर दोर, दोन-तीन हार्नेस आणि प्रत्येकाला मायक्रोस्पाइक (बुटावर चढवायचे खिळे) एवढं पुरतं, पण दोर वापरता येणारे निदान दोघं हवेत. तुमच्यात उत्तरकाशीच्या निमचा (नेहरू गिर्यारोहण संस्थेचा) किंवा मनालीच्या गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स कोणी केलाय का ते तुम्ही लिहिलेलं नाही. कोणीच नसेल तर तसा गाइड घ्या, यात कमीपणा नाही. आणि काळा चष्मा, चांगला, बाजूने झाकलेला. आचारी आणि घोडेवाल्यांकडे आहे का ते किब्बरलाच विचारा, नसेल तर तुमच्या खर्चाने. बर्फाने डोळे गेलेला घोडेवाला ही सगळ्यांचीच अडचण असते.

आता नदी. पारे छू हा तुमच्या तक्त्यातला एका ओळीचा विषय आहे, ‘नोर्बू सुमदो, नदी ओलांडणे’. मी दोन दिवस दिले असते. नेहमीचा सल्ला असतो, सकाळी लवकर ओलांडा, कारण दुपारी बर्फ वितळून पाणी वाढतं. हिमनदीच्या तोंडाशी हे अगदी खरं. पण नोर्बू सुमदो तिथून दोन दिवसांच्या चालीवर आहे. दुपारी वर वितळलेलं पाणी तिथे पोचायला कित्येक तास घेतं, म्हणजे लोंढा रात्रीही येऊ शकतो, आणि पहाटे नदी उतरलेलीच असेल अशी खात्री नाही. ऊन किती होतं, वर ढग होते का, बाजूचे नाले किती भरलेत, यावर ते ठरतं. मी काय करते: संध्याकाळी पोचल्यावर पाण्याच्या बरोबर कडेला तीन-चार दगड रचते आणि रात्री, पहाटे, सकाळी जाऊन बघते. एकदा पहाटे पाचला माझे दगड पाण्याखाली होते आणि नऊ वाजता पुन्हा कोरडे. आम्ही साडेनऊला ओलांडली, गुडघ्याच्या थोडं वर. पाचला ओलांडली असती तर मांडीपर्यंत असती, आणि मांडीपर्यंतचं वाहतं पाणी माणसाला उभं राहू देत नाही.

जागा निवडताना नदी जिथे अरुंद आणि शांत दिसते तिथे जाऊ नका, ती तिथे खोल असते. जिथे ती रुंद पसरून चार फाट्यांत वाहते, खळखळते, तिथे उथळ. आधी सामानाचे घोडे जाऊ द्या आणि पाणी त्यांच्या पोटाला लागतं का बघा. पायात मागे पट्टा असलेले सँडल, अनवाणी कधीच नाही. ते पाणी नुकतंच बर्फ होतं, दोन मिनिटांत तळपायाला दगडाची जाणीव राहत नाही. सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, पडलात तर सॅक टाकून देता आली पाहिजे. तोंड प्रवाहाच्या उगमाकडे, तिघांनी खांदे धरून, एका वेळी एकाचाच पाय उचललेला. घोडेवाले दादा ‘बसा घोड्यावर, नेतो’ म्हणाले तर लाजू नका. पलीकडे पोचल्यावर कोरडे मोजे आणि गरम काहीतरी आधी, फोटो मग.

फोनचं. किब्बर सोडलं की करझोकपर्यंत विसरा. तुम्ही परदेशातल्या भावाकडून सॅटेलाइट मेसेंजर मागवताय असं लिहिलंय. कृपा करून नका. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसा मेसेंजर बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे, विमानतळावर लोक पकडले गेलेत, आणि तुम्ही तर सीमेला लागून चालणार आहात. नुसता जीपीएस, ज्याला संदेश पाठवता येत नाही, तो चालतो. त्याच्या जागी जुनी पद्धत वापरा: संपूर्ण बेत, सहा जणांची नावं, रक्तगट, घोडेवाल्यांची नावं असा कागद काझाच्या पोलीस ठाण्यात आणि पुण्यात एका शहाण्या माणसाकडे. त्यावर एक तारीख: या दिवशी संध्याकाळपर्यंत करझोकहून फोन आला नाही तर शोध सुरू करा. तारीख राखीव दिवस धरून टाका, नाहीतर तुम्ही त्सो मोरीरीवर चहा पीत असाल आणि घरी रडारड. घोडेवाले दोन घ्या, एक नाही. वेळ आली तर एक मदतीला धावतो, दुसरा तुमच्यापाशी राहतो.

आणि एक घोडा रिकामा. सामान न लादलेला, फक्त बसायचा. माझ्या नाशिककर मित्राची ॲम्ब्युलन्स तोच होता. हिशेब करणारा सदस्य विचारेल, रिकाम्या घोड्याचे पैसे का द्यायचे. त्याला वरची गोष्ट वाचायला द्या. भाडं ठरवताना घोडेवाल्यांचे परतीचे दिवसही धरावे लागतात. ते करझोकहून तीच खिंड ओलांडून चालत घरी जातात, तुमच्यासारखे विमानाने नाही. आणि ऑगस्ट म्हणजे स्पीतीत मटारचा हंगाम. तेच वर्षाचं नगदी पीक, त्यामुळे गडी मिळत नाहीत. त्याच महिन्यात काझाला ‘लदारचा’ नावाचा मेळा भरतो, तेव्हा खोल्याही मिळत नाहीत. मे महिन्यातच बोलून ठेवा.

हवामानाबद्दल एवढंच: स्पीती आणि चांगथांग (त्सो मोरीरीचं पठार) पर्जन्यछायेत आहेत हे खरं, पण तिथे जायचे रस्ते पर्जन्यछायेत नाहीत. जुलै २०२३ मध्ये हिमाचलात पूर आले तेव्हा चंद्रतालला पर्यटक बर्फात अडकले होते, भर जुलैत. सप्टेंबर २०१८ मध्ये लाहौल-स्पीतीत अवेळी बर्फ पडून ट्रेकर अडकले. ऑगस्टचा पहिला ते चौथा आठवडा मला बरा वाटतो.

खाण्याची यादी मी देणार नाही, पुण्याच्या माणसाला खाण्याचं काय शिकवायचं. एवढं लक्षात ठेवा की पाच हजारांवर पाणी सुमारे ८३ अंशांनाच उकळतं, म्हणून कुकरशिवाय डाळ शिजत नाही, आणि सगळ्यांना जे आवडतं ते वर कोणाला गिळवत नाही. आंबट आणि पातळ उतरतं. मेतकूट-भात, लिंबाचं लोणचं, कढी, सूप. बोरोचेनला मी एका डॉक्टरांना नुसत्या आवळा सुपारीवर तग धरताना पाहिलंय. गॅसचे डबे विमानात नेता येत नाहीत, रॉकेलचा स्टोव्ह काझात मिळतो. झोपायची पिशवी उणे पंधराची तरी घ्या, भाड्याची असेल तर तिची चेन पुण्यातच दहा वेळा लावून काढून बघा.

कागदपत्रं: लडाखच्या त्या भागासाठी भारतीयांना लागणाऱ्या इनर लाइन परमिटची (सीमाभागात जायच्या परवान्याची) अट २०२१ मध्ये काढली गेली, पण चौक्यांवर ओळखपत्र मागतात, झेरॉक्स जवळ असू द्या. किब्बरची बाजू अभयारण्यात आहे, त्सो मोरीरी २००२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तळ्याच्या काठावर तंबू ठोकू नका. काळ्या मानेचे क्रौंच तिथे विणीला येतात. सीमाभागातले नियम बदलत असतात म्हणून काझाच्या प्रशासन कार्यालयात निघायच्या आदल्या दिवशी विचारून घ्या. विम्याच्या कागदावरची बारीक अक्षरं वाचा, बऱ्याच पॉलिसी ठरावीक उंचीच्या वर हात वर करतात.

एकोणीस दिवस मिळतच नसतील तर? तर यंदा परांग ला नाही. बारा दिवसांत किन्नौरच्याच रस्त्याने जा आणि लांगझा, कोमिक, देमुल, लालुंग, ढंकर असं गावागावांतून चाला. सगळं चार-साडेचार हजारांच्या आसपास, रोज संध्याकाळी कोणाच्या तरी घरी चूल, रोज गाडीरस्ता हाकेच्या अंतरावर. तुमच्या सहांपैकी कोणाचं शरीर उंचीवर कसं वागतं ते तिथे कळेल, आणि कोण डोकेदुखी लपवतो तेही. देमुलवरून दिसणारी दरी परांग लाच्या फोटोंपेक्षा काही कमी नाही. आमच्यातल्या दोघांनी ते आधी केलं होतं आणि पुढच्या वर्षी खिंडीवर तेच सगळ्यांत निवांत होते.

रजा वाढवून मिळाली तर आधी घोडेवाल्यांशी बोला, विमानाची तिकिटं नंतर. आणि तारीख ठरवताना पंचांग बघा. खिंडीच्या पहाटे मागे चंद्र असला तर घसाऱ्यावर हेडलॅम्प विझवून चालता येतं. पौर्णिमेनंतरचे तीन-चार दिवस सगळ्यात चांगले, चंद्र उजाडेपर्यंत वर असतो. किब्बरला फोन संध्याकाळी सातनंतर लावा, दिवसा सगळे शेतात असतात.